बाळकृष्ण दोशी: कॉर्बुझिए आणि कान यांच्याकडून नेमकं काय घेतलं?

तिसरंवर्ष_आर्कि

नमस्कार. आर्किटेक्चरच्या तिसऱ्या वर्षाला आहे. थिअरीच्या सेमिनारसाठी वास्तुकार बाळकृष्ण दोशी हा विषय घेतलाय. जिथे बघावं तिथे तीच साखळी: जन्म पुणे 1927, मग मुंबईचं जे.जे., पॅरिसला ल कॉर्बुझिए आणि अहमदाबादला लुई कान या वास्तुकारांसोबत काम, 1962 साली अहमदाबादला स्वतः काढलेली आर्किटेक्चरची शाळा, 2018 साली प्रिट्झकर हा वास्तुकलेतला मोठा पुरस्कार. इमारती बघायला घेतल्या की मात्र गोंधळ उडतो. टागोर हॉल सरळ कॉर्बुझिएच्या वळणाचा वाटतो. आर्किटेक्चर स्कूलच्या विटांच्या भिंती बघून कान आठवतात. संगत हा त्यांचा स्वतःचा स्टुडिओ किंवा गुफा हे जमिनीखालचं कलादालन बघितलं की दोघंही आठवत नाहीत. मग यात दोशींचं स्वतःचं काय? आणि हातात एवढं काम असताना शाळा कशासाठी काढली? दिवाळीच्या सुट्टीत अहमदाबादला जायचं ठरवतोय, तिथे काय बघू हेही सांगा.

विटांची_ओळ

फोटोंवरून सुरुवात केली की हा गोंधळ होतोच, कारण फोटोत एलिव्हेशन, म्हणजे इमारतीचं बाहेरचं तोंड, दिसतं. कोणाकडून काय आलं हे कळायला सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापल्यावर दिसणारं चित्र, काढावा लागतो, तोही त्यात माणूस उभा करून. मी त्याच शाळेत शिकले आणि आता बरीच वर्षं शिकवते आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

1951 साली लंडनजवळ हॉड्सडनला आधुनिक वास्तुकारांची आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. दोशी तिथे गेले, कॉर्बुझिएच्या चंडीगडच्या कामाविषयी बोलणं निघालं, आणि हाताने लिहिलेल्या अर्जावर त्यांना पॅरिसच्या स्टुडिओत प्रवेश मिळाला. पहिले आठ महिने पगार नव्हता आणि फ्रेंच येत नव्हतं. माझ्या मते त्यांच्या शिक्षणातली ही सगळ्यात मोलाची गोष्ट. गुरूचं बोलणं कळत नसेल तर त्याचा हात बघावा लागतो: रेघ कुठे थांबते, काय खोडलं जातं, खोडल्यावर काय उरतं.

पुढे 1954 च्या सुमारास ते कॉर्बुझिएची अहमदाबादची कामं सांभाळायला परत आले. मिल ओनर्स असोसिएशनची इमारत, शोधन आणि साराभाई यांची घरं. पॅरिसमध्ये कागदावर काढलेला सूर्य इथे डोक्यावर होता. मिल ओनर्सच्या पश्चिमेला, रस्त्याच्या बाजूला, काँक्रीटचे उभे पडदे तिरके लावलेत. पूर्वेला, साबरमतीच्या बाजूला, ते सरळ आहेत. एकाच इमारतीच्या दोन बाजू वेगळ्या का, याचं उत्तर ऊन आणि वारा देतात. हे दोशींनी साईटवर उभं राहून शिकून घेतलं.

आता तू म्हणतोस संगतमध्ये कॉर्बुझिए दिसत नाही. साराभाईंच्या घराचा सेक्शन काढ. विटांच्या कमानदार छतांची रांग आणि वर मातीचा थर, हिरवळ. संगत 1980 च्या सुमाराचं, म्हणजे मधे पाव शतक गेलं, पण ती कमानदार छतं तिथूनच निघालेली आहेत. दोशींनी त्यांचं काय केलं ते बघ. दोन काँक्रीट थरांमध्ये मातीच्या पोकळ नळ्या बसवल्या, की उष्णता आत उतरू नये. वरून पांढऱ्या चिनी मातीच्या फुटक्या तुकड्यांचं मोझॅक केलं, की ऊन परत फेकलं जावं. इमारत अर्धी जमिनीत उतरवली. पावसाचं पाणी छतांवरून पन्हळीतून खाली कुंडात येतं. जमिनीत उतरायची ही युक्ती त्यांनी 1962 च्या इंडॉलॉजी इन्स्टिट्यूटमध्ये आधीच वापरली होती. तिथे जुनी हस्तलिखितं सांभाळायची होती, म्हणून त्यांच्यासाठी अर्धवट तळघर केलं. हस्तलिखितांना जी सावली आणि थंडावा लागतो तो माणसांनाही हवासा वाटतो, आणि संगतमध्ये त्यांनी तो स्वतःच्या कामाच्या जागेला दिला.

कान यांच्याबद्दल एक गोष्ट बहुतेक जण ओलांडून जातात. आयआयएम अहमदाबादचं काम दोशींकडे आलं होतं. ते स्वतः करण्याऐवजी त्यांनी कान यांचं नाव सुचवलं, त्यांना आणलं, आणि स्वतः सहकारी म्हणून काम बघितलं. तेव्हा ते पस्तिशीचे होते, स्वतःचं ऑफिस होतं, शहरात नाव झालं होतं. त्या वयात एवढं मोठं काम दुसऱ्याच्या हाती देऊन पुन्हा शिकायला बसणं मला अजूनही थक्क करतं. कान यांच्याकडून त्यांनी विटेचा संयम घेतला असं मी म्हणेन. भिंत कुठे जाड हवी, कुठे कापायची, सांध्यावर काय दाखवायचं, हे घाईने ठरवायचं नाही.

त्यांचं स्वतःचं मला सगळ्यात ठळक दिसतं ते आयआयएम बंगळूरला. कॉर्बुझिए सावली इमारतीच्या तोंडावर बसवतो. दोशींनी ती चालायच्या वाटेवर आणली. करड्या दगडाच्या भिंतींमधून जाणाऱ्या तीन मजली उंच पडव्या. कुठे वर छत, कुठे नुसत्या काँक्रीटच्या तुळया आणि वेली, कुठे उघडं आकाश. वर्गाबाहेर पडल्यावरही शिकणं चालू राहावं अशी जागा. फत्तेपूर सिक्री आणि मदुराईचं देऊळ यांचं ऋण ते स्वतः मानत. पॅरिसमध्ये हे कोणी शिकवलं नसतं.

शाळेचं सांगायचं तर तिच्या इमारतीतच उत्तर आहे. समांतर वीटभिंती, मधे दुहेरी उंचीचे स्टुडिओ, उत्तरेचा प्रकाश घेणारी तिरकी छतं, खाली मोकळा तळमजला. कोण कोणत्या वर्षाचा ते तिथे कळायचं नाही. पहिल्या वर्षाची मुलं पाचव्या वर्षाची ज्युरी, म्हणजे सगळ्यांसमोर होणारी कामाची तपासणी, वरून वाकून ऐकायची, आणि मी त्यातली एक होते. दुसऱ्याचं काम फाडलं जाताना ऐकून मला जेवढं कळलं तेवढं स्वतःच्या ज्युरीत कधी कळलं नाही. दोशींना पॅरिसमध्ये शेजारच्या टेबलावरून मिळालेलं शिक्षण त्यांनी विटांत बांधलं असं मला ठामपणे वाटतं. शाळा हे त्यांचं बाजूचं काम नव्हतंच.

प्लिंथपर्यंत

मी सिव्हिलचा, इंदूरला राहतो. वरचं सगळं मान्य, पण अरण्य, म्हणजे दोशींनी आखलेली इथली घरांची वसाहत, तिच्याशिवाय दोशी पूर्ण होत नाहीत. सुमारे 85 हेक्टर जागा, साडेसहा हजारांच्या आसपास प्लॉट, बहुतेक कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी. सगळ्यात लहान प्लॉट 35 चौरस मीटरचा. गरीब कुटुंबाला प्लिंथ (जोतं), पाणी, संडास-मोरी आणि फार तर एक खोली एवढंच बांधून द्यायचं. पुढचं ज्याने त्याने ऐपतीप्रमाणे वाढवायचं. मोठे प्लॉट बाजारभावाने विकून लहानांचा खर्च भरून काढायचा. नमुना म्हणून 80 घरं बांधून दाखवली: ओटा, बाहेरून जिना, गच्ची, हवं तसं जोडत जा. 1995 साली याला आगाखान पुरस्कार मिळाला.

आज तिथे गेलात तर मूळ नमुने शोधावे लागतात. लोकांनी मजले चढवलेत, टाईल लावल्यात, खाली दुकानं काढलीत. काही आर्किटेक्ट मंडळी हे बघून हळहळतात. मला हळहळ वाटत नाही. नळ, गटार, गल्लीची रुंदी जागेवर टिकली आहे, आणि घर वाढवायची मुभा दिली होती ती लोकांनी घेतली.

विटांची_ओळ

@प्लिंथपर्यंत, फार बरं झालं लिहिलंत. अरण्यची मुळं पुण्यात आहेत. आजोबांचा फर्निचरचा कारखाना, एकत्र कुटुंब, आणि माणसं वाढली तसं वाढत गेलेलं घर, याबद्दल दोशी आयुष्यभर बोलत राहिले. अहमदाबादच्या एलआयसी कॉलनीतही तेच आहे, 1973 ची ती. मोठं घर खाली, त्याहून लहान मधे, सगळ्यात लहान वर, आणि प्रत्येकाला जोडायला गच्ची. सेमिनारमध्ये ही दोन कामं शेजारी शेजारी ठेव.

तिसरंवर्ष_आर्कि

ताई, दादा, खूप आभार. मी गुरूंची यादी करत बसलो होतो, त्यात आजोबांचं घर आलंच नव्हतं. एक शंका: शाळेत दोशी एकटेच शिकवणारे होते का? आणि अहमदाबादला दोनच दिवस मिळणार आहेत.

विटांची_ओळ

एकटे मुळीच नाही. सुरुवातीला बर्नार्ड कोन हे फ्रेंच वास्तुकार सोबत होते. आणि अनंत राजे यांचं नाव सेमिनारमध्ये नक्की घे. मुंबईचे, जे.जे.चे, फिलाडेल्फियात कान यांच्याकडे काम करून आलेले. 1974 मध्ये कान गेल्यावर आयआयएमचं उरलेलं काम राजेंनी पुढे नेलं आणि शाळेत वर्षानुवर्षं शिकवलं. भोपाळची वन व्यवस्थापन संस्था त्यांची. मराठीत त्यांच्यावर फार कमी लिहिलं जातं, याचं मला वाईट वाटतं.

दोन दिवसांत असं कर. पहिल्या दिवशी सकाळी मिल ओनर्स, रॅम्पवरून सावकाश वर जा. दुपारच्या उन्हात आर्किटेक्चर स्कूल, म्हणजे उत्तरेचा प्रकाश काय असतो ते कळेल; गुफा त्याच आवारात. दुसऱ्या दिवशी सकाळी आयआयएमचा जुना भाग आणि नंतर संगत. साराभाईंचं घर खाजगी आहे, त्याचे नकाशे आधी बघून जा. आयआयएम आणि संगतला परवानगी लागते, महिनाभर आधी ईमेल कर. कॅमेरा पिशवीत ठेव, मोजपट्टी आणि वही हातात. संगतमध्ये रस्त्यापासून आतल्या टेबलापर्यंत किती पायऱ्या उतरतोस, प्रत्येक पायरीची उंची किती आणि छत कुठे किती जवळ येतं हे मोजून सेक्शन काढ. परत आलास की इथे टाक, मी बघते.