बाहेर धावण्याची गोडी लागण्यासाठी घड्याळातील नोंदींचा खरोखर उपयोग होतो का?

प्रश्न

गेली दोन वर्षे मी आठवड्यातून तीनदा ट्रेडमिलवर धावतो. मोकळ्या हवेत धावावे अशी मनापासून इच्छा आहे. पण रस्त्यावर उतरलो की पाच-सात मिनिटांतच धाप लागते, पोटऱ्या भरून येतात आणि हिरमुसून चालत परतावे लागते. महिन्यापूर्वी जीपीएस आणि हृदयगतीची नोंद ठेवणारे घड्याळ घेतले. ट्रेडमिलवर १४५ च्या आसपास राहणारी हृदयगती बाहेर पहिल्याच किलोमीटरला १७० दाखवते. माझे वय ४१ आहे. या आकड्यांचे नेमके काय करावे?

प्रतिसाद १

ट्रेडमिलवर वेग पट्टा ठरवतो, बाहेर तो आपल्याला ठरवावा लागतो, आणि सुरुवातीच्या उत्साहात जवळजवळ प्रत्येक जण तो जास्तच ठरवतो. तुमच्या धापेचे मूळ मला यातच दिसते. घड्याळाच्या पडद्यावरून वेग काढून टाका, फक्त हृदयगती ठेवा आणि १४५ ची सूचना लावा. घड्याळ थरथरले की चालायचे, श्वास खाली बसला की पुन्हा धावायचे. २२० वजा वय हे कमाल हृदयगतीचे प्रचलित सूत्र केवळ सरासरी सांगते, व्यक्तीगणिक त्यात दहा-बारा ठोक्यांचा फरक सहज पडतो. म्हणून पूर्ण वाक्य न अडखळता बोलता येते का, ही कसोटी सोबत ठेवाच.

मी असे सुरू केले तेव्हा प्रत्येक चढावर चालावे लागे आणि मागून येणारे पुढे निघून जात, याचे वाईट वाटे. परंतु तीन महिन्यांनी जुन्या नोंदी उघडल्या, तेव्हा त्याच हृदयगतीला किलोमीटरमागे लागणारा वेळ ९ मिनिटे १० सेकंदांवरून ८ मिनिटांवर आलेला दिसला. जोर न वाढवता वेग वाढला होता. त्या दिवसापासून मला धावायला जा असे स्वतःला सांगावे लागलेले नाही.

प्रतिसाद २

वरील सल्ला योग्यच आहे, पण त्याआधी तो १७० चा आकडा खरा आहे का, हे तपासा. मनगटावरील सेन्सर त्वचेवर हिरवा प्रकाश टाकून रक्तप्रवाहातील चढउतार टिपतो. पट्टा सैल असेल तर हाताच्या हेलकाव्यांमुळे तो फसतो आणि ठोक्यांऐवजी पावलांचीच लय मोजू लागतो. धावताना मिनिटाला १६० ते १८० पावले पडणे अगदी सामान्य आहे, त्यामुळे हा संशय येतो. घड्याळ मनगटाच्या हाडापासून दोन बोटे वर, घट्ट बांधा. मध्येच थांबून लगेच मानेवरची नाडी १५ सेकंद मोजा आणि चारने गुणा. छातीवरचा पट्टा हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, म्हणून तो अधिक भरवशाचा. छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना भेटा.

प्रतिसाद ३

मला आकड्यांपेक्षा नकाशाने बाहेर ओढले. घरी आल्यावर धावलेल्या वाटेची रेघ पाहायची आणि जिथे ती अजून उमटलेली नाही अशी एखादी गल्ली उद्यासाठी हेरून ठेवायची, एवढेच मी करते.

प्रश्नकर्त्याचे उत्तर

आपण सर्वांनी वेळ काढून लिहिलेत, मनःपूर्वक आभार. घड्याळ १७२ दाखवत असताना थांबून नाडी मोजली, तर १५ सेकंदांत ३८ ठोके भरले, म्हणजे १५२. पावलांची नोंद पाहिली तर तीही १७२ च होती. पट्टा वर सरकवून घट्ट केल्यापासून आकडे जुळू लागले आहेत. तरीही धाप खरीच होती, कारण वेग खरोखर जास्त होता. तीन आठवडे सूचना लावून धावलो. काल नव्या वाटेने ४.२ किलोमीटर ३६ मिनिटांत झाले, सात वेळा चाललो, आणि परतीच्या वाटेवर बराच वेळ घड्याळ थरथरलेच नाही म्हणून ते बंद तर पडले नाही ना, हे मी दोनदा पाहिले. ते चालूच होते.