वकिलाने माती खाल्ली, शिक्षा पक्षकाराला?

तारीखपेतारीख: काल एका गटात पोस्ट वाचली: 'शिक्षा झाली की वकील नालायक, सुटला की वकील देवमाणूस. अपिलात वकिलावर खापर फोडणाऱ्यांना दारातूनच परत पाठवा.' डोकंच सणकलं. 1997 चा दिल्लीचा बसस्फोट आठवा. 56 साक्षीदार झाले तेव्हा आरोपीला वकीलच नव्हता. फाशी झाली, हायकोर्टाने कायम केली. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने फेरखटला लावला आणि गडी निर्दोष सुटला. दारातून परत पाठवला असता तर?

सडेतोड: पोस्ट माझीच. वकील नसणं वेगळं, भिकार असणं वेगळं. स्वतः वकीलपत्र देऊन निवडलेला हरला की रडायचं? कसाबच्या अपिलातही हा मुद्दा होताच. कोर्ट म्हणालं, सुरुवातीला वकील मिळाला नाही एवढ्यावरून खटला रद्द होत नाही, खरंच नुकसान झालं ते दाखवा.

माईचा_धाकटा: 'निवडलेला' म्हणे! आमच्या दादाच्या वेळी साहेब तारखेला यायचेच नाहीत, ज्युनियर उभा. मुख्य साक्षीदाराला कोर्टाच्या रोजनाम्यात 'नो क्रॉस', म्हणजे उलटतपासणीच नाही. फीसाठी आईच्या पाटल्या मोडल्या होत्या.

सडेतोड: मग मोफत वकील घ्यायचा होता.

पॅनलवाली: मोफतवाली मीच. एका केसचे जे मिळतात त्यात झेरॉक्स आणि एसटी भागत नाही, तेही वर्षाने. खाजगीवाले एका तारखेला…

माईचा_धाकटा: तुमच्या एसटीपायी आमचा माणूस आत!

पॅनलवाली: तोंड सांभाळून. तुमच्या दादाकडे मी नव्हते.

तारीखपेतारीख: भांडू नका. खांडव्याचा 2013 चा, मुलीवरच्या बलात्कार-खुनाचा खटला घ्या. वकील नेमला त्याच दिवशी आरोप निश्चित, दोन आठवड्यांत फाशी. 2019 मध्ये सुप्रीम कोर्टाने फेरखटला दिला. वर बजावलं: फाशी-जन्मठेपेच्या केसला दहा वर्षं वकिली केलेलाच नेमा, तयारीला निदान सात दिवस द्या.

सडेतोड: सात दिवस! केवढी चैन. बरं, 'दारातूनच' हा शब्द मागे घेतला. झालं समाधान? पण पीडितेच्या आईने पुन्हा पिंजऱ्यात उभं राहायचं, त्याचं काय?

पॅनलवाली: याला माझ्याकडे उत्तर नाही. धाकटे, राग गिळून ऐका: अपील करताय तर आधी जुन्या वकिलाकडून सगळे कागद घ्या. फी थकली म्हणून अडवता येत नाहीत, 2000 सालचा निकाल आहे.

माईचा_धाकटा: निकाल आहे हो. ऑफिसला कुलूप आहे.