फिट्स आणि मेंदूतलं इन्फ्लमेशन: सीआरपी नॉर्मल आलं म्हणजे विषय संपला का?

निळीशाई:
बहिणीला टेम्पोरल लोबची (मेंदूच्या कानाजवळच्या भागातली) एपिलेप्सी, म्हणजे फिट्सचा आजार आहे, वय २६, एमआरआयमध्ये डावा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींचा भाग) आक्रसलेला दिसतो. दोन औषधं चालू आहेत, एकही डोस चुकत नाही, तरी अधूनमधून फिट येतेच आणि ताप आला की तर हमखास. कुणीतरी सांगितलं की फिट्सचं मूळ इन्फ्लमेशनमध्ये (सुजेत) असतं म्हणून आम्ही आपणहून सीआरपी, ईएसआर या सूज दाखवणाऱ्या रक्ताच्या तपासण्या करून घेतल्या, दोन्ही नॉर्मल. म्हणजे तिच्या बाबतीत हा मुद्दा निकालात निघाला का? आणि नसेल तर आयब्युप्रोफेनसारखं सूज कमी करणारं काहीतरी रोज घेऊन फरक पडेल? डॉक्टर "तसं नसतं" एवढंच म्हणाले, मागे रांग होती.

रात्रपाळी:
न्यूरोलॉजीत रेसिडेन्सी करतोय म्हणून लिहितो. सीआरपी तयार होतं लिव्हरमध्ये, शरीरात इन्फेक्शन वगैरे असलं की वाढतं. मेंदूतला प्रकार बराचसा मेंदूतल्या मेंदूतच चालतो, रक्ताच्या रिपोर्टमध्ये त्याचा पत्ताही लागत नाही, त्यामुळे नॉर्मल आलं यावरून काहीच ठरत नाही.

होतं असं की फिट आली की मायक्रोग्लिया आणि अ‍ॅस्ट्रोसाइट या मेंदूतल्या मदतनीस पेशी चवताळतात आणि इंटरल्यूकिन-१ बीटा हे सूज वाढवणारं रसायन सोडतात, त्याने न्यूरॉनवरच्या (संदेश वाहणाऱ्या पेशीवरच्या) एनएमडीए रिसेप्टर नावाच्या दारातून कॅल्शियम जास्त आत शिरायला लागतं आणि तो न्यूरॉन आधीपेक्षा लवकर भडकतो. त्यात ब्लड-ब्रेन बॅरियर (रक्त आणि मेंदू यांच्यातला पडदा) पण गळायला लागतो, रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन आत झिरपतं आणि अ‍ॅस्ट्रोसाइट अजूनच बिथरतात. म्हणजे फिटमुळे इन्फ्लमेशन आणि इन्फ्लमेशनमुळे पुढची फिट, कोंबडी आधी की अंडं असला मामला. ऑपरेशनमध्ये काढलेल्या हिप्पोकॅम्पसमध्ये हे मायक्रोस्कोपखाली दिसलेलं आहे, नुसती थिअरी नाही. आणि ताप चढवणाऱ्या पदार्थांमध्येही इंटरल्यूकिन-१ बीटा आहेच, त्यामुळे तापात फिट वाढते यात नवल नाही.

आयब्युप्रोफेन मात्र नको. रोज घेऊन फिट्स थांबतात असा पुरावा नाही, पोटाची आणि किडनीची वाट लागेल ती वेगळीच.

चहाटळ:
मग सरळ स्टेरॉइडच का देत नाहीत सगळ्यांना? लहान बाळांच्या स्पाझममध्ये देतात ना?

रात्रपाळी:
देतात, इन्फंटाइल स्पाझममध्ये (बाळांच्या त्या झटक्यांमध्ये) एसीटीएच (शरीराला स्वतःचं स्टेरॉइड बनवायला लावणारं हॉर्मोन) किंवा प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. रासमुसेन एन्सेफलायटिसमध्येही देतात, त्यात मेंदूचा एकच अर्धा भाग सुजत सुजत खराब होत जातो. पण सगळ्यांना वर्षानुवर्षं द्यायचं म्हणजे शुगर, हाडं, इन्फेक्शन, कोण निस्तरणार? जिथे इम्युन सिस्टिमच मुख्य गुन्हेगार आहे तिथे त्याचा उपयोग. २०१७ च्या आयएलएईच्या (एपिलेप्सीवरच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या) वर्गीकरणात इम्युन हे एपिलेप्सीचं वेगळं कारण म्हणूनच धरलंय.

सावळागोंधळ:
याचा अनुभव घरात आहे. मामेबहिणीला आधी झोपच येईना, मग असंबद्ध बोलायला लागली, सगळ्यांना वाटलं मानसिक आहे आणि सायकिअ‍ॅट्रिस्टच्या गोळ्या सुरू झाल्या. मग फिट्स. तोंड सतत काहीतरी चघळल्यासारखं हलायचं, झोपेच्या औषधावर असताना पण, ते बघून एका डॉक्टरांनी पाठीतलं पाणी तपासायला पाठवलं आणि त्यात एनएमडीए रिसेप्टरवरच हल्ला करणाऱ्या अँटीबॉडी (इम्युन सिस्टिमची प्रोटीन) निघाल्या. ओव्हरीत टेराटोमाची गाठ होती, ती काढली, स्टेरॉइड आणि आयव्हीआयजी (शिरेतून देतात त्या दात्यांच्या अँटीबॉडी) दिलं. सावरायला खूप वेळ लागला पण आता नोकरी करते. फिट्सची औषधं एकट्याने काही करत नव्हती हो. त्यामुळे फिट्सबरोबर वागणं अचानक बदललं असेल तर अँटीबॉडीचं नक्की विचारा.

निळीशाई:
नाही, तिला लहानपणापासून आहे आणि वागण्यात काही बदल नाही. म्हणजे आमच्या हातात काहीच नाही का?

रात्रपाळी:
आहे की. ताप आला की लवकर उतरवायचा, उलटीत गोळी पडली तर पुढे काय करायचं ते डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्यायचं, तापात बऱ्याचदा डोसच पोटात राहिलेला नसतो. अँटिबायोटिक देणाऱ्याला एपिलेप्सी आहे हे आधी सांगायचं, सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीतली औषधं फिट आणू शकतात. फिट ५ मिनिटांपलीकडे गेली तर वाट न बघता हॉस्पिटल.

आणि खरं सांगू, इन्फ्लमेशनपेक्षा मला तुमच्या पहिल्या दोन ओळी महत्त्वाच्या वाटतात. योग्य निवडलेली दोन औषधं पुरेशा डोसमध्ये देऊनही फिट्स थांबत नसतील तर त्याला ड्रग-रेझिस्टंट म्हणतात, आणि त्यात एमआरआयमध्ये एकाच बाजूचा हिप्पोकॅम्पस खराब दिसत असेल तर ऑपरेशनचा विचार व्हायलाच हवा. एपिलेप्सी सर्जरी करणाऱ्या सेंटरला रेफर करा म्हणून डॉक्टरांना स्पष्ट विचारा, व्हिडिओ ईईजीपासून (मेंदूच्या लहरी आणि फिटचा व्हिडिओ एकत्र घेण्याची तपासणी) सुरुवात होते.

निळीशाई:
ऑपरेशनचं आजवर कुणीच बोललं नव्हतं. पुढच्या अपॉइंटमेंटला हाच प्रश्न आधी विचारते.