मदत हवी आहे: एकच टेकडी, एकच खडक, तरी वर लाल माती आणि खाली काळी?

ढेकूळ:
लवकर सांगा कोणीतरी, उद्या संध्याकाळपर्यंत द्यायचंय. क्षेत्रभेटीचा अहवाल लिहितेय. टेकडीचा छेद काढला, वरती लाल माती, खाली काळी, दोन्हीच्या खाली तोच खडक. मॅडमनी लाल पेनानं एवढंच लिहून परत दिलाय, 'काळी माती तिथेच झाली की वरून आली? कशावरून?' पुस्तकात तर दिलंय की माती मूळ खडकावर ठरते. मग खडक एक आणि माती दोन कशा? गुगल करून झालंय, सगळीकडे माती घडवणारे तेच पाच घटक. प्लीज व्याख्या नकोत.

ओहोळ:
खडक कुठला ते लिहाल का? आणि उतार किती, पाऊस किती? नुसती 'टेकडी' म्हणून कसं सांगणार.

हिमकण:
सोप्पं आहे. भेगांत पाणी शिरतं, रात्री गोठतं, गोठताना साधारण ९ टक्के फुगतं आणि खडक फोडतं. वर थंडी जास्त म्हणून वरचा खडक जास्त फुटतो. मी डोंगरात भरपूर फिरलोय, सगळीकडे हेच दिसतं.

ढेकूळ:
तिथे पाणी कधीच गोठत नाही हो. आणि टेकडी काही एवढी उंच नाहीये, तासाभरात चढून होते. खडक बेसाल्ट, सगळा भाग त्याचाच आहे म्हणून लिहिला नाही. पाऊस मध्यम, चार महिने, मग कोरडं.

हिमकण:
मग दिवसरात्रीच्या तापमानातला फरक. खडक आकुंचन प्रसरण पावतो.

ओहोळ:
त्यानं खडक फुटेल, लाल कसा होईल? प्रश्न रंगाचा आहे.

बरणीवाला:
दोन्ही मातींची बरणी करा. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, चिमूटभर भांड्यांची पावडर, जोरात हलवून ठेवा. वाळू मिनिटभरात बसते, पोयटा काही तासांत, चिकणमाती दिवस दिवस तरंगते. थर मोजले की उत्तर हातात. मी कुठल्याही मातीला आधी बरणीच लावतो.

ओहोळ:
तिला उद्या द्यायचंय आणि तुम्ही दिवस दिवस तरंगवताय. शिवाय बरणी किती चिकणमाती आहे ते सांगेल, ती कुठून आली ते नाही.

हिरवी_ओंजळ:
उतारावर ओघळी पडल्या असतील तर समतल चर खणा आणि बांधावर गवत लावा. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला साधारण ९ मीटर वेगानं आदळतो, उघड्या जमिनीवर कण उडवतो, मग पाणी ते घेऊन जातं. गवत असलं की थेंबाचा मारच बसत नाही.

ढेकूळ:
ताई मला धूप थांबवायची नाहीये, अहवाल द्यायचाय 😩

खोलखड्डा:
पाच घटक नुसते पाठ करून उपयोग नाही. मृदाशास्त्रज्ञ हान्स येनी यांनी १९४१ साली मांडले: हवामान, जीवसृष्टी, भूरूप, मूळ खडक आणि काळ. तुमच्या टेकडीवर खडक तोच, हवामान जवळपास तेच. बदललं काय, तर भूरूप, म्हणजे उतारावरची जागा. मिल्ने या दुसऱ्या मृदाशास्त्रज्ञांनी १९३० च्या दशकात पूर्व आफ्रिकेत हेच बघितलं, टेकडीवरून खाली येताना माती ठरलेल्या क्रमानं बदलत जाते, त्या साखळीला कॅटेना म्हणतात.

आता रसायन. पावसाच्या पाण्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड विरघळून ते किंचित आम्ल होतं, सामू ५.६ च्या आसपास, आणि मातीत मुळांच्या श्वसनानं अजून. हे पाणी बेसाल्टमधल्या फेल्डस्पार, पायरॉक्सिन या खनिजांना खातं. कॅल्शियम, मॅग्नेशियम, सोडियम, थोडी सिलिकाही विरघळून पाण्याबरोबर जाते. लोह मात्र हवा असलेल्या पाण्यात फारसं विरघळत नाही, जागेवरच गंजतं. वरती पाणी थांबत नाही, निचरा होतो, म्हणून विरघळणारं सगळं निघून जातं आणि उरतं ते लोह आणि केओलिनाइटसारखी चिकणमाती. लाल रंग त्या गंजाचा. खाली ते पाणी हळू होतं, साचतं, कोरड्या महिन्यांत आटतं. वरून विरघळून आलेलं कॅल्शियम, मॅग्नेशियम, सिलिका तिथे एकत्र भेटतात आणि स्मेक्टाइट नावाची फुगणारी चिकणमाती तिथेच नव्यानं तयार होते. तीच तुमची भेगाळणारी काळी.

नदीकाठ:
सर, एवढं रसायन कशाला? वरची बारीक माती धुऊन खाली जाते, खाली साचते, दाट झाली की काळी दिसते. वर वीतभर उरते ती त्यामुळेच. मी पावसात गढूळ पाणी उतरताना बघितलंय, विरघळणं डोळ्यांना कुणाला दिसतं?

खोलखड्डा:
वर माती पातळ का याचं उत्तर तुम्ही बरोबर दिलंत, जेवढी बनते तेवढी वाहून जाते म्हणून. पण लाल माती नुसती खाली साचली तर लालच साचेल ना? केओलिनाइट वाहून आल्यानं स्मेक्टाइट होत नाही.

सदाफुली:
काळी म्हणजे ह्युमस, कुजलेला पालापाचोळा, जास्त, एवढं साधं आहे. काळी तेवढी सुपीक.

खोलखड्डा:
नाही. भेगाळणाऱ्या काळ्या मातीत सेंद्रिय कर्ब अनेकदा एक टक्क्याहूनही कमी असतो. जो थोडा असतो तो चिकणमातीला घट्ट धरून बसतो, त्यानं सगळी काळी दिसते. रशियातल्या गवताळ प्रदेशातलं चेर्नोझेम, म्हणजे तिथली काळी माती, खरोखर ह्युमसमुळे काळं आहे, १८८३ मध्ये रशियन मृदाशास्त्रज्ञ दोकुचायेव यांनी ज्याच्यावर काम प्रसिद्ध केलं ते. रंग सारखा पण कहाणी वेगळी.

सदाफुली:
बरं. पण माझी कुंडीतली माती पण काळी आहे.

ओहोळ:
😂 धागा भरकटतोय. @ढेकूळ, काळ्या मातीच्या तळाशी काय होतं ते सांगा. खाली हळूहळू मुरूम होत गेली की एकदम तुटून दुसरा थर लागला? गोटे होते का, गोल की अणकुचीदार? आणि खड्डा नक्की कुठे घेतला?

ढेकूळ:
खड्डा आम्ही घेतलाच नाही. नाल्याच्या काठाला माती उघडी पडली होती तिथे बघितलं. फोटो मोबाइलमध्ये आहेत, थांबा.

ओहोळ:
नाला!! हे आधी सांगायचं ना. सगळं उत्तर तिथे आहे.

ढेकूळ:
विचारलं कुठे कोणी 🙄 बघितलं फोटो. नाल्याकाठी काळी माती, पुरुषभर. तिच्यात पांढरे खडे. तळाशी गोल गोट्यांचा थर, मग मुरूम. आणि एक फोटो उतारावर मध्येच पायवाटेच्या कापातला आहे, तिथे गुडघाभर काळपट तपकिरी माती, खाली भुसभुशीत मुरूम, त्यात गोल गोल दगड, बाहेरून कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले. माती कुठे संपते ते रेघ मारून सांगता येत नाही.

नदीकाठ:
गोल गोटे म्हणजे वाहत्या पाण्यानं आणलेले. झालं. म्हणजे काळी वाहूनच आली.

खोलखड्डा:
नाल्याकाठची हो, तिथे गाळाची आहे, मान्य. पण मधल्या उताराचं काय? पापुद्रे सुटलेले दगड वाहून गोल झालेले नाहीत, तो खडक जागच्या जागी कुजतोय, सांध्यांतून पाणी शिरून कडा कोपरे आधी गेले म्हणून गोल उरला. त्याच्यावर रेघ न मारता येणारी माती म्हणजे बहुतेक जागेवर झालेली.

नदीकाठ:
मग गाळात थर दिसायला हवे होते, नाल्याकाठी एकसंध काळी का आहे?

खोलखड्डा:
कारण ही माती स्वतःला उलथवते. उन्हाळ्यात भेगा, वरची ढेकळं भेगेत पडतात, पावसात माती फुगते, जागा नसते म्हणून एकमेकींवर घासून वर ढकलली जाते. खणलं तर आत चकचकीत घासलेल्या बाजू दिसतात. अशी वर्षानुवर्षं घुसळली की थर मोडून जातात. थर नाहीत म्हणून जागेवरची, असंही म्हणता येत नाही, हे मॅडमना आवडेल.

खडे_गोळा:
एक राहिलं. मातीत गारगोटी सापडली का? बेसाल्टमध्ये क्वार्ट्ज जवळपास नसतो, सापडली तर बाहेरून आलेली.

ओहोळ:
बेसाल्टच्या पोकळ्यांत गारगोट्या, अकीक, झिओलाइट भरलेले असतात की. खडक कुजला तरी गारगोटी टिकते आणि मातीत उरते. तेवढ्यावरून बाहेरची म्हणू नका.

खडे_गोळा:
हो, पोकळ्यांतली वेगळी. मी वाळूच्या बारीक दाण्यांबद्दल म्हणत होतो.

ढेकूळ:
गारगोटी वगैरे काही बघितली नाही. पांढरे खडे कशाचे तेवढं सांगा, ते छेदात काढलेत.

खोलखड्डा:
चुनखडी असणार. एक खडा आणलाय का? त्याच्यावर व्हिनेगर टाका, बुडबुडे आले तर चुना. वरून विरघळून आलेलं कॅल्शियम खाली पाणी आटताना कार्बोनेट होऊन बसतं. म्हणजे मॅडमच्या प्रश्नाला तिसरं उत्तरही आहे, माती कण म्हणूनच यायला हवी असं नाही, तिचा माल विरघळूनही उतरतो.

ढेकूळ:
खडा आहे. आले बुडबुडे, बारीक बारीक. मग लिहू असं? वर निचरा आणि धूप, म्हणून पातळ आणि लाल. मध्ये जागेवरची. नाल्याकाठी वाहून आलेली, तळाच्या गोट्यांवरून. आणि चुना विरघळून आलेला.

खोलखड्डा:
लिहा. छेदात बाण दोन प्रकारचे काढा, कणांचा भरीव आणि विरघळलेल्याचा तुटक रेघेचा. मध्ये 'बहुतेक जागेवरची' लिहा, पायवाटेच्या एका कापावरून छातीठोक सांगू नका.

हिमकण:
ती माती तयार व्हायला किती वर्षं लागली तेही टाका, २.५ सेंटीमीटरला हजार वर्षं.

ओहोळ:
तो आकडा सगळीकडे लावू नका. ज्वालामुखीच्या राखेवर माती काही दशकांत धरते, कठीण खडकावर त्याच्या कितीतरी पट वेळ लागतो. आणि इथे निम्मी तर नाल्यानं आणलीय.

ढेकूळ:
वर्षं विचारलेली नाहीत, टाकत नाही. थँक्यू सगळ्यांना, बाण काढायला बसते.

बरणीवाला:
बरणी केली असतीत तर नाल्याकाठच्या मातीत वाळू किती ते कळलं असतं.