डिसेंबरचा शेवटचा शनिवार आणि आपला लेखक

'(सदर समाप्त)' हे कंसातले दोन शब्द वाचून कुणाच्या घशात खरोखर आवंढा आला असेल, तर हात वर करा. मी केलाय.

आपल्या पुरवण्यांचा शिरस्ता माहीत आहे सगळ्यांना. जानेवारीत नवे लेखक येतात, वर्षभर आपल्याला सवय लावतात आणि डिसेंबर संपता संपता निरोपाचा लेख लिहून मोकळे होतात. माझ्या बाई काल गेल्या. म्हणजे आहेत, ठणठणीत आहेत, फक्त दर पंधरा दिवसांनी शनिवारी सकाळी माझ्या चहाच्या कपाशेजारी नसतील. नाव मुद्दाम सांगत नाही, त्यांना अवघडल्यासारखं होईल.

त्यांनी काय लिहिलं विचाराल तर सांगण्यासारखं काहीच नाही, आणि तीच तर गंमत आहे. एक लेख होता कुकरच्या रिंगेवर. रिंग ढिली पडली की त्यांची आई ती फ्रीझरमध्ये ठेवायची, अजून महिनाभर चालवायची. तेवढ्यावरून हजार शब्द. वाचून मी आईला फोन केला, "तू पण ठेवायचीस ना गं?" आई म्हणाली, "अगं त्यात काय लिहायचं, सगळ्याच ठेवायच्या." मग आम्ही पाऊण तास बोललो. एरवी आमचं बोलणं 'जेवलीस का, गोळ्या घेतल्यास का' ह्यापुढे जात नाही.

सगळे लेख ब्लेडने कापून फाइलला लावलेत. सगळ्यात लाडक्या लेखाच्या पाठीवर बोअरवेलची जाहिरात आहे, तीही नेमकी 'शंभर टक्के पाणी ला' इथे कापली गेलीय. नवरा म्हणतो, एवढी माया पॉलिसीच्या पावत्यांवर केली असतीस तर!

तर आता तुमची पाळी. सदर कुणाचं, केव्हाचं, आणि त्या वेडापायी काय काय केलंत. जुनं-नवं, कागदावरचं, मोबाइलवरचं, सगळं चालेल. फक्त 'खूप छान लिहितात' एवढं म्हणून पळायचं नाही.

विरार

आमचं वेड इंग्रजी होतं ताई, चालेल ना?

ऑफिस चर्चगेटला. १९८५ मध्ये बेहराम कॉन्ट्रॅक्टर यांनी 'आफ्टरनून डिस्पॅच अँड कुरिअर' काढला. त्यात 'बिझीबी' नावाने त्यांचं रोजचं सदर, 'राउंड अँड अबाउट'. ते शेवटच्या पानावर, त्यामुळे संध्याकाळच्या गाडीत निम्मा डबा पेपर उलटीकडून उघडायचा. पुढच्या पानावर सरकार पडलेलं असो की पूल, आधी बिझीबी.

माझं इंग्रजी म्युनिसिपालिटीच्या शाळेतलं. पण त्या माणसाचं वाक्य अडलं असं कधी झालं नाही. छोटी वाक्यं, सरळ शब्द, आणि हसू कुठून आलं ते दोन स्टेशनं गेल्यावर कळायचं. त्याचा एक मित्र होता, एकविसाव्या मजल्यावर राहणारा, ज्याच्या घराला एकवीस खिडक्या आणि सगळ्या समुद्राकडे तोंड करून. माझ्या खोलीला एकच खिडकी, ती चाळीच्या संडासाकडे. तरी तो श्रीमंत मित्र मला माझाच वाटायचा. आणि बोल्शॉय, त्याचा बॉक्सर जातीचा कुत्रा! तो तर सदरात चक्क गप्पा मारायचा.

गर्दीत पेपर पूर्ण उघडायची सोय नव्हती. चार घड्या घालून नाकासमोर धरायचा. शेजारी एक गुजराती भाई असायचे, ते माझ्या खांद्यावरून वाचायचे. मी घडी मोडायला लागलो की म्हणायचे, "रुको, रुको, अभी दो लाइन बाकी है." आमची ओळख एवढीच, बारा-तेरा वर्षांची. नाव कधी विचारलं नाही.

एप्रिल २००१ मध्ये बिझीबी गेले. पुढच्या आठवड्यात भाईंनी पहिल्यांदा स्वतःचा पेपर विकत घेतलेला पाहिला. पुढच्या पानापासून वाचत होते.

सांगली

आमच्याकडे 'सकाळ'मधलं 'ढिंग टांग' आजोबा मोठ्याने वाचून दाखवायचे, प्रत्येक पुढाऱ्याचा आवाज काढून. टोपणनाव 'ब्रिटिश नंदी', त्यामुळे कितीतरी वर्षं आजी समजत होती की लिहिणारा इंग्रज आहे. "मेला मराठी किती चांगलं शिकलाय," म्हणायची. प्रवीण टोकेकर हे नाव कळल्यावर तिचा जरा हिरमोडच झाला.

वेंगुर्ला

मी तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा, आणि आमच्या वाचनालयात संध्याकाळी पेट्रोमॅक्स लावायचं काम माझ्याकडे. बदल्यात फुकट वाचायला मिळे. 'ललित' महिन्यातून एकदा यायचं. केशवराव कोठावळ्यांनी १९६४ मध्ये सुरू केलेलं हे मासिक, पुस्तकांबद्दलचं. आमच्या गावात पुस्तकं विकत घेणारे तीन जण, पण 'ललित'साठी रांग वीस जणांची. कारण एकच, 'घटका गेली, पळे गेली' हे सदर आणि ते लिहिणारा ठणठणपाळ. शेजारी वसंत सरवट्यांनी काढलेला ठणठणपाळ असायचाच.

भल्याभल्या साहित्यिकांच्या टोप्या उडवायचा पठ्ठ्या. त्यातल्या निम्म्या लेखकांची पुस्तकं आम्ही वाचलेली नव्हती. आधी चिमटा वाचायचो, मग कुतूहलाने पुस्तक शोधायचो. माझं मराठी वाचन हे असं उलट्या बाजूने सुरू झालं.

हा इसम कोण ह्यावर वाचनालयात पैजा लागत. मास्तर म्हणायचे पुण्याचा कुणी प्राध्यापक असणार, पुणेकराशिवाय एवढा खवचटपणा येत नाही. पोस्टमन म्हणायचा, मुंबईचा पत्रकार. पुढे कळलं, ठणठणपाळ म्हणजे जयवंत दळवी. आमच्याच तालुक्यातल्या आरवलीचे, वेतोबाच्या गावचे! मुंबईत अमेरिकन सरकारच्या माहिती खात्यात नोकरी करून हे उद्योग चालले होते. मास्तर दोन दिवस वाचनालयाकडे फिरकले नाहीत. तिसऱ्या दिवशी आले आणि म्हणाले, "माका पयल्यापासून वाटा होता, ह्यो आपलोच झील."

न्यू जर्सी

माझा शनिवार शुक्रवारी दुपारी उजाडतो. भारतात मध्यरात्र उलटली की पुरवणी वेबसाइटवर चढायला लागते, तेव्हा आमच्याकडे उन्हाळ्यात अडीच आणि थंडीत दीड वाजलेला असतो. शुक्रवारी दुपारच्या मीटिंगमध्ये मी कॅमेरा बंद ठेवते. ऑफिसला वाटतं, नेट खराब आहे.

एक कबुली देते. सदर आधी वाचून मी पुण्यात ताईला मेसेज टाकते, "वाचलंस का?" तिच्याकडे पेपर सकाळी साडेसहाला येणार. साता समुद्रापार असून तिच्याआधी वाचल्याचा जो काही आसुरी आनंद आहे, तो ग्रीन कार्ड मिळाल्यावरही झाला नव्हता.

लेखकही असे इथून लिहायचेच की. गोविंद तळवलकर 'महाराष्ट्र टाइम्स'मधून निवृत्त झाल्यावर अमेरिकेत राहायला आले. मार्च २०१७ मध्ये ह्यूस्टनला गेले, तोवर मराठी नियतकालिकांसाठी लिहीत होते. माझ्या बाबांनी त्यांच्या 'वाचता वाचता' सदराची यादी करून इंग्रजी पुस्तकं जमवली. त्यातली निम्मी न उघडता तशीच आहेत. "तळवलकरांनी वाचलंय ना, मग झालं," हा त्यांचा युक्तिवाद.

ठाणे

मी नामपोलीस आहे. घरातल्यांनी ठेवलेलं नाव.

माझ्या आवडत्या लेखकाचा एक लेख गेली सात वर्षं व्हॉट्सअॅपवर फिरतोय. आधी खालचं नाव गळालं. मग तिथे 'अज्ञात' आलं. मग तोच लेख पु. लं.च्या नावाने आला, त्यात मोबाइलचा उल्लेख असूनसुद्धा! मागच्या दिवाळीत तर आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर एका गृहस्थांनी 'आज सहज सुचलं' लिहून टाकला. मी मूळ लेखाचा फोटो, तारखेसकट, तिथल्या तिथे चिकटवला. गृहस्थ म्हणाले, "अहो भावना महत्त्वाची." मी म्हटलं, "मग मेंटेनन्स मी भावनेने भरू का?"

आतापर्यंत चार ग्रुपमधून मला काढलंय. लेखकाला ह्यातलं काही माहीत नाही, आणि कळवणारही नाही. कळलं तर बिचारा घाबरेल.

नाशिक

मी संगीताच्या सदराची भक्त. लेखकाचं नाव नको, कारण पुढे त्यांची चूक येणार आहे.

एका लेखात त्यांनी एका प्रसिद्ध भजनाचा राग चुकीचा दिला. मला माहीत होतं, कारण तेच भजन माझ्या गुरूंनी माझ्याकडून दोन महिने घोटून घेतलं होतं. रात्रभर झोप नाही. ह्यांची चूक? ह्यांची? उठून पोस्टकार्ड लिहिलं, तेही तीनदा फाडून. पहिल्यात फारच उद्धट झाले होते, दुसऱ्यात माफी मागत होते (चूक त्यांची!), तिसऱ्यात शाई सांडली.

दहाव्या दिवशी उत्तर आलं. निळ्या शाईत, तिरक्या अक्षरात. 'तुमचं बरोबर. माझा कान बरोबर होता, हात चुकला. गुरूंना नमस्कार सांगा.' पुढच्या लेखाच्या तळाशी दुरुस्तीही छापून आली.

गुरूंना कार्ड दाखवलं. ते म्हणाले, "म्हणजे लेख वाचायला वेळ आहे, रियाजाला नाही." कार्ड मात्र स्वतःकडे ठेवून घेतलं. वर्षभर मागत होते मी.

नागपूर

सगळे एवढे गोड लिहिताय म्हणून जरा कडू सांगतो. इतकं देव्हाऱ्यात बसवू नये कुणाला. मी ज्यांना बारा वर्षं वाचलं, त्यांनी एकदा आमच्या विदर्भाच्या शेतकऱ्यावर असा काही लेख लिहिला की वाटलं, हा माणूस कधी अमरावती रोडच्या पुढे गेलाय का? कापसाची बोंडं हातात घेतलीत का? वाचणं बंद केलं. पेपरही बदलला.

तीन महिने टिकलो. मग एकदा सलूनमध्ये नंबराला बसलो असताना तो पेपर समोर पडला होता. वाचलं. साला, चांगलं लिहिलं होतं. शेतकऱ्याचा राग अजून आहे. तेव्हापासून दर रविवारी दाढी सलूनमध्येच करतो, घरी तो पेपर येत नाही.

डोंबिवली

द्वारकानाथ संझगिरी. मॅच आदल्या दिवशी स्वतः डोळ्यांनी पाहिलेली असायची, स्कोअर पाठ असायचा, तरी त्यांचा लेख वाचल्याशिवाय मॅच संपली असं वाटायचं नाही. मुंबई महापालिकेत इंजिनिअर, आणि लिहिणं असं की ड्राइव्हचा आवाज यावा. फेब्रुवारी २०२५ मध्ये गेले. त्यानंतर आपण जिंकतो तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी मला काहीतरी अर्धवट राहिल्यासारखं वाटतं. एवढंच.

पुणे, सदाशिव पेठ

माझी फजिती. वसंत व्याख्यानमालेत माझ्या लाडक्या लेखकाचं भाषण. गेली नऊ वर्षं हा माणूस माझ्याशी दर रविवारी बोलतोय (माझ्या मते). भाषण संपल्यावर गर्दीतून वाट काढत पुढे गेले. मनात सगळं तयार होतं, आई गेली तेव्हा तुमचा कुठला लेख उशाशी होता ते सांगायचं, वगैरे. समोर उभी राहिले. त्यांनी प्रसन्न चेहऱ्याने पाहिलं. आणि मी काय म्हणावं?

"सर, तुम्ही फोटोत जाड दिसता."

ते म्हणाले, "फोटो जुना आहे." आणि मी वळून तरातरा टिळक रस्त्याने चालत गेले, चपलेचा अंगठा तुटेपर्यंत. पुढच्या महिन्यात सदरावरचा फोटो बदलला. तो माझ्यामुळे बदलला असं मी धरून चालले आहे.

पुन्हा मी, ज्यांनी सुरुवात केली

काय लोक आहात! विरारच्या काकांचं वाचून डोळे भरले आणि सदाशिव पेठेचं वाचून चहा सांडला. नामपोलीस, आमच्या ग्रुपवर या, जागा आहे. नाशिकच्या ताई, ते कार्ड परत मिळालं की नाही ते लिहाच.

आज जानेवारीचा पहिला शनिवार. पुरवणी आली. माझ्या बाईंच्या जागी, त्याच कोपऱ्यात, त्याच रुंदीच्या रकान्यात, एक नवीन गृहस्थ. फोटोत चष्मा, मागे पुस्तकांचं कपाट. विषय 'शहर आणि झाडं'. मी आधी सगळी पुरवणी वाचली, राशिभविष्यसुद्धा, आणि मग हाताची घडी घालून त्यांच्याकडे वळले. पहिला परिच्छेद जड होता. दुसऱ्यात त्यांच्या वाड्यातल्या प्राजक्ताबद्दल होतं, शेजारीण पहाटे परडी घेऊन फुलं चोरायला यायची, आणि तिला पाहिलं की ह्यांच्या आजी मुद्दाम खोकायच्या.

ब्लेड कुठे ठेवलंय ते नवऱ्याला विचारलं. त्याने काही न बोलता काढून दिलं. अजून कापलेलं नाही. दुसरा लेख येऊ दे.