स्पेस माउंटनच्या जुन्या गाड्यांत संगीत बसवता येईल का?

ठाणे_ते_टॅम्पा यांचा प्रश्न

नमस्कार. आम्ही काही वर्षांपासून फ्लोरिडात राहतो आणि भारतातून कोणी आले की ऑर्लंडोची फेरी ठरलेलीच असते. मागच्या महिन्यात भाचीला घेऊन मॅजिक किंगडम या डिस्नेच्या उद्यानातील स्पेस माउंटन या अंधारात धावणाऱ्या रोलर कोस्टरमध्ये बसलो. 1975 च्या जानेवारीत सुरू झालेल्या या राइडने आता पन्नाशी ओलांडली आहे. तरीही निळ्या दिव्यांच्या बोगद्यातून गाडी चढाच्या साखळीपाशी येते आणि खालून ती टकटक सुरू होते, तेव्हा माझ्या पोटात आजही गोळा येतो. भाची याआधी कॅलिफोर्नियातील डिस्नेलँडमध्ये याच नावाच्या राइडमध्ये बसलेली होती. उतरल्याबरोबर तिने विचारले, "मामा, इथे गाणं का नाही वाजलं?"

प्रश्न रास्त आहे. डिस्नेलँडमधील राइड 1977 ची, म्हणजे वयाने फारशी लहान नाही, आणि तिच्या डब्यांत 1996 मध्ये स्पीकर बसवले गेले. पॅरिसमधील राइड तर 1995 मध्ये सुरू झाली तीच गाडीच्या वळणांशी जुळवलेले संगीत घेऊन. फ्लोरिडातील मूळ राइड 2009 मध्ये एप्रिलपासून नोव्हेंबरपर्यंत बंद ठेवून तिची मोठी डागडुजी झाली, रांगेत थांबलेल्यांसाठी खेळ आले, आतला अंधार अधिक गडद झाला. डब्यांत मात्र स्पीकर आले नाहीत.

माझा व्यवसाय संगणकाचा असल्यामुळे यंत्राच्या बाजूचे मला फारसे कळत नाही. इतक्या जुन्या, बंदिस्त रोलर कोस्टरला डब्यातले संगीत नंतर जोडायचे झाल्यास नेमकी अडचण कशाची येते: वजनाची, विजेची, की आणखी कशाची? आणि तुमच्या मते ते जोडावे का?

पूल_आणि_पोलाद

मी आयुष्यभर पोलादी पुलांच्या तपासणीचे काम केले आहे, त्यामुळे माझी नजर आधी रुळाकडे जाते. स्पीकर, अॅम्प्लिफायर, बॅटरी आणि ते सारे घट्ट धरून ठेवणारी चौकट यांचे वजन एका डब्यामागे थोडेच वाटते, परंतु पोलादाला ते एकदा नव्हे, तर वर्षाकाठी लाखो वेळा सोसावे लागते. पोलाद एका मोठ्या ओझ्याने क्वचितच तुटते; पुन्हा पुन्हा येणाऱ्या मध्यम ताणाने वेल्डच्या कडेला केसाएवढी भेग पडते आणि ती हळूहळू वाढत जाते. वेल्डच्या जोडांचे आयुष्य मोजताना आम्ही जो ढोबळ नियम वापरतो, त्यानुसार ते ताणाच्या तिसऱ्या घाताच्या व्यस्त प्रमाणात असते. म्हणजे ताण 5 टक्क्यांनी वाढला, तर आयुष्य 5 नव्हे, सुमारे 14 टक्क्यांनी घटते. नव्या रुळाला हे पेलते, कारण आराखडा करतानाच त्याचा हिशेब धरलेला असतो. पन्नास वर्षे चाललेल्या रुळाच्या बाबतीत मात्र शिल्लक आयुष्यातूनच ही वजावट होते, आणि ते शिल्लक आयुष्य किती, हे जोड न् जोड तपासल्याशिवाय कोणालाही छातीठोकपणे सांगता येत नाही.

म्हणूनच डिस्नेलँडचा पुढचा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो. तिथे 1996 मध्ये जुन्याच रुळावर संगीत आले. पण 2003 च्या एप्रिलमध्ये राइड बंद झाली आणि 2005 च्या जुलैमध्ये, उद्यानाच्या पन्नासाव्या वर्धापनदिनाच्या तोंडावर, ती पुन्हा सुरू झाली, तेव्हा वळणे तीच ठेवून रूळ संपूर्ण नवा घातलेला होता. गाड्या नव्या होत्या आणि संगीतही नव्याने रचलेले होते. एकाच बंदकाळात रूळ, गाड्या आणि ध्वनी ही तिन्ही कामे उरकणे हाच मला शहाणपणाचा क्रम वाटतो. फ्लोरिडात कधी रूळ बदलायची वेळ आली, तर संगीत तेव्हा जरूर आणावे. तोपर्यंत जुन्या सांगाड्यावर नुसते ओझे चढवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आणखी एक मुद्दा असा की उतारावर केवळ गुरुत्वाकर्षणाने धावणारी जड गाडी हलक्या गाडीपेक्षा थोडी वेगाने जाते, कारण हवेचा विरोध तिला तुलनेने कमी जाणवतो. वजन वाढले की ब्रेकची जुळणी आणि दोन गाड्यांमधील सुरक्षित अंतर यांचाही हिशेब पुन्हा मांडावा लागतो.

ध्वनिवर्धक

वरच्या प्रतिसादातील रुळाविषयीचे विवेचन मला पटले. मी ध्वनियंत्रणेचे काम करतो, म्हणून डब्याच्या आतले सांगतो.

सर्वांना वाटते की अडचण विजेची असेल, पण ती सर्वांत सोपी बाजू आहे. एका गाडीतल्या सहाजणांसाठी मिळून 200 वॅट धरले आणि राइड अडीच मिनिटांची मानली, तर एका फेरीला जेमतेम 8 वॅट-तास ऊर्जा लागते. आपल्या खिशातल्या मोबाईलच्या बॅटरीत याहून जास्त ऊर्जा असते. प्रश्न आहे तो ती भरायची कधी, याचा. एका रुळावरून तासाला 900 माणसे न्यायची असे समजा. सहाजणांच्या गाडीने तेवढ्यासाठी 150 फेऱ्या, म्हणजे दर 24 सेकंदांनी एक गाडी सुटायला हवी. डिस्नेलँडच्या गाडीत शेजारी-शेजारी बसून बाराजण जातात, म्हणून तिथे तितक्याच माणसांसाठी निम्म्या गाड्या पुरतात. फ्लोरिडात एकामागे एक अशा तीन-तीन आसनांचे दोन डबे असल्यामुळे तेवढ्याच प्रवाशांमागे यंत्रणेचे संच दुप्पट लागतात. फलाटावर गाडी थांबते त्या थोड्या वेळात पट्टीला घासून विद्युतभार घेणारे संपर्क बसवावे लागतात.

खरा शत्रू आहे तो कंप. फिरत्या गाडीवरच्या अशाच एका यंत्रणेच्या दुरुस्तीसाठी मला एका उद्यानात बोलावले होते. तक्रार अशी होती की मधल्याच एका आसनाचा आवाज येतो-जातो. स्पीकर उघडला तर तो ठणठणीत होता. शेवटी जोडणीची पिन भिंगाखाली धरली, तेव्हा टोकाला काजळीसारखी काळी पूड दिसली. पिन आणि तिचे खोबण सतत एकमेकांवर सूक्ष्म प्रमाणात घासत राहिल्याने वरचा मुलामा गेला होता आणि उघड्या पडलेल्या धातूवर ऑक्साइडचा थर साचला होता. ती पिन बदलायला दहा मिनिटे लागली, पण शोधायला तीन रात्री गेल्या, कारण गाडी उभी असताना आवाज कधीच तुटत नसे. जुन्या रुळाच्या सांध्यांवरून चाके जातात तेव्हा हा कंप आणखी वाढतो.

त्यानंतर येते ती वेळेची जुळणी. गाडी दरवेळी तेवढ्याच सेकंदांत खाली येत नाही. सकाळी चाके थंड असतात, दुपारी तापतात. एका गाडीत लहान मुले असतात, दुसरीत सहा दणकट माणसे. त्यामुळे अडीच मिनिटांची एकच सलग फीत लावली, तर शेवटच्या वळणाचा झंकार वळण येऊन गेल्यावर कानी पडेल. यावर उपाय असा की रचनेचे तुकडे करायचे, रुळावर ठिकठिकाणी खुणेचे संवेदक ठेवायचे आणि गाडी खुणेवरून गेली की पुढचा तुकडा सुरू करायचा. दोन तुकड्यांमध्ये लांबवता येईल असा एखादा धरलेला सूर ठेवायचा, म्हणजे सांधा ऐकू येत नाही. आपल्याकडे तबलजी तिहाई घेऊन समेवर येईपर्यंत लेहरा (साथीची पुन्हा पुन्हा वाजणारी धून) धरणारा जे करतो, तेच हे काम आहे. मात्र हे संवेदक राइडच्या सुरक्षा-नियंत्रणापासून पूर्णपणे वेगळे असले पाहिजेत. संगीत बिघडले तर गाडी शांतपणे खाली यावी, पण संगीतामुळे गाडी अडता कामा नये.

फ्लोरिडात याला आणखी एक पदर आहे. तिथे अल्फा आणि ओमेगा असे दोन रूळ एकमेकांच्या आरशातील प्रतिमेसारखे आहेत, पण लांबी अगदी सारखी नाही: एक 3,196 फूट, तर दुसरा 3,186 फूट. ताशी 40 किलोमीटरच्या वेगाने दहा फूट म्हणजे पाव सेकंदाहून किंचित जास्त. संगीतात पाव सेकंद कानाला सरळ कळतो, म्हणून दोन्ही बाजूंची जुळणी स्वतंत्रपणे करावी लागेल.

ठाणे_ते_टॅम्पा

दोघांचेही मनापासून आभार. एवढ्या तपशिलाने कोणी सांगेल, अशी अपेक्षा नव्हती. एक उपप्रश्न विचारतो: डब्यांवर ओझे नको असेल, तर राइडच्या घुमटासारख्या इमारतीच्या आतच मोठे स्पीकर लावून काम भागणार नाही का?

ध्वनिवर्धक

काही अंशी भागेल. अंतराळाचा घुमारा, दूरवरची गडगड, एखाद्या ठरावीक वळणापाशी अचानक जवळून गेलेला आवाज, हे सारे इमारतीतल्या स्पीकरमधून उत्तम साधते आणि डब्याचे वजन एक ग्रॅमही वाढत नाही. मात्र ताल साधत नाही. इमारतीचा व्यास सुमारे 300 फूट, म्हणजे 91 मीटर आहे; एका टोकाचा आवाज दुसऱ्या टोकाला पोचायला पाव सेकंदाहून अधिक लागतो, आणि शिवाय भिंतींवरून परतलेला आवाज असतोच. गणपतीच्या मिरवणुकीत दोन पथके दोन चौकांत वाजवत असतील आणि आपण मध्ये उभे असू, तेव्हा ठेका जसा विस्कटतो, तसेच इथे होईल. त्याशिवाय एकाच वेळी अनेक गाड्या निरनिराळ्या वळणांवर असतात. एकीचा उतार तो दुसरीचा चढ. सर्वांना एकच संगीत ऐकवले, तर ते कोणाच्याच हालचालीशी जुळणार नाही.

याच फ्लोरिडात 1999 मध्ये सुरू झालेल्या रॉक अँड रोलर कोस्टरमध्ये प्रत्येक आसनाला पाच, म्हणजे 24 जणांच्या गाडीत 120 स्पीकर दिले गेले, ते याच कारणासाठी. पण ती राइड संगीताभोवतीच बांधलेली होती. तिथे डबा आखतानाच स्पीकरची जागा ठरली, जुन्या डब्यात ती शोधत बसावी लागली नाही. स्पेस माउंटनचे डबे बुटके आणि अरुंद आहेत, पाय सरळ पुढे सोडून बसावे लागते. कानाजवळ स्पीकर ठेवायला जागा कुठे काढायची, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही.

दोन_मुलींची_आई

तांत्रिक भागात मला गती नाही, पण "जोडावे का" या प्रश्नावर लिहावेसे वाटते. माझ्या धाकट्या मुलीला मोठा, अचानक येणारा आवाज सहन होत नाही. कॅलिफोर्नियात संगीत सुरू होताच तिने दोन्ही हात कानांवर दाबले आणि मांडीवरचा दांडा धरायचाच सोडून दिला. फ्लोरिडात मात्र तिने तो शेवटपर्यंत धरून ठेवला. तिथे तिला चाकांची घरघर ऐकू येत होती, पुढच्या डब्यातली किंकाळी ऐकू येत होती, आणि त्या किंकाळीवरून उतार येणार हे तिला एक क्षण आधी कळत होते. अंधारात तिच्यासाठी तीच खूण होती. संगीत आले तर ती खूण बुजेल. दोन रूळ आहेतच, तर एका बाजूला संगीत द्यावे आणि दुसरी बाजू आहे तशीच ठेवावी, असे मला सुचवावेसे वाटते.

पूल_आणि_पोलाद

ताईंची सूचना मला अतिशय मोलाची वाटते, आणि ती अभियांत्रिकीच्या दृष्टीनेही योग्य आहे. एका रुळाचे काम चालू असताना दुसरा चालवता आला तर उत्तमच, आणि पुढे काही वर्षे दोन्ही बाजूंच्या जोडांची तपासणी करून वाढीव वजनाचा परिणाम शेजारी-शेजारी ठेवून पाहता येईल. अशी तुलना आम्हा पूलवाल्यांच्या वाट्याला सहसा येत नाही.

ध्वनिवर्धक

माझाही पाठिंबा आहे. प्रश्नकर्त्यांना एक विनंती: पुन्हा गेलात, तर साखळी संपून गाडी सुटते तिथपासून शेवटच्या ब्रेकपर्यंत किती सेकंद लागतात, ते दोन्ही रुळांवर मोजाल का? सकाळी उघडल्यावर एकदा आणि दुपारी एकदा.

ठाणे_ते_टॅम्पा

नक्की मोजतो. मनगटी घड्याळाचे बटण अंधारात चाचपून दाबता येते. पुढच्या शनिवारी भाचीची परतीच्या आधीची शेवटची फेरी आहे. ती ओमेगाला बसेल, मी अल्फाला, आणि दुपारी अदलाबदल करू. आकडे इथेच लिहीन.