बाहातला रस्ता आणि देवमासे

कोणीतरी विचारलंय, मेक्सिकोतल्या बाहा कॅलिफोर्निया या द्वीपकल्पात गाडीने जावं का आणि देवमासा खरंच होडीजवळ येतो का. आम्ही बेळगावचे तिघं जाऊन आलोय, तर सांगतो.

जानेवारी ते मार्चमध्ये जा. आर्क्टिककडून आलेले करडे देवमासे तेव्हा तिथल्या खाजणांत पिल्लं घालतात. वाटेत एल रोसारिओ गावाला टाकी फुल्ल करा! पुढं जवळपास 300 किलोमीटर वाळवंट, नुसती निवडुंगं. आम्ही ती भरली नाही. खानापूरचा दोस्त म्हणाला, ‘पुढं मिळतंय की रे.’ मग एसी बंद, काटा लालवर, आणि त्याच्याच आईनं दिलेल्या कडक भाकऱ्या, शेंगाचटणी. शिव्या देत खाल्ली, पण खाल्ली.

पुढं ग्वेरेरो नेग्रो गावाला मिठागरं आहेत, पांढरी फटक. देवमासे बघायची होडी तिथूनच. मादी आमच्या एसटीपेक्षा लांब असावी. पिल्लू मात्र थेट होडीला येऊन टेकलं. हात लावला तर सोललेल्या उकडलेल्या अंड्यासारखं गुळगुळीत. आईच्या डोक्यावर शिंपल्यांसारखे खरखरीत जीव चिकटलेले. तिनं उच्छ्वास सोडला आणि चष्म्यावर मासळीबाजार! होडीवाल्याला पाठलाग करायला सांगू नका, इंजिन मंद ठेवलं की तेच येतात.